लावायचं आणि पुसायचं

एखादं काम अवघड आहे असं कुणी म्हटलं, की माईंना आधी हसू यायचं. उभी हयात बेकरीत गेलेली बाई ती. भट्टीत जाण्याआधी पावांच्या ट्रेवर दुधाचा हात फिरवायचा, हे त्यांचं काम. बघणाऱ्याला वाटायचं, त्यात काय एवढं? पण ब्रश जरा जड पडला तर दूध पावाच्या अंगावरून ओघळतं, तळाशी जातं, आणि पाव ट्रेला असा चिकटतो की काढताना त्याचं बूडच निघून येतं. माईंच्या हातून असं होत नसे. त्यांच्या ट्रेमधले पाव बाहेर आले की मालक नुसत्या रंगावरून म्हणायचा, "हा माईंचा घाणा."

मग मालकाने दूध फवारणारं मशीन आणलं. माईंनी त्या मशीनकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, आपला ब्रश धुतला, फडक्यात गुंडाळला आणि घरी आल्या. रडल्या वगैरे नाहीत. लेकीला फोन करून म्हणाल्या, "तुझ्याकडे येतेय राहायला. जागा कर."

लेकीकडे जागा होती, पण त्या जागेत लेकीची सासूही होती. सगळा गाव तिला काकू म्हणायचा. घराच्या खालच्या मजल्यावर काकूंचं गाड्या धुण्या-चमकवण्याचं दुकान होतं. नवरा गेल्यावर लोकांनी दुकान विकायचा सल्ला दिला, तेव्हा काकूंनी पदर खोचला आणि पाण्याचा पाइप हातात घेतला. तेव्हापासून दुकान त्यांच्याच हुकमावर चालायचं. थोडक्यात, एका छपराखाली दोन विहिणी आल्या होत्या, आणि दोघींनाही आजवर कुणाचं ऐकायची सवय लागलेली नव्हती.

बोलणं मात्र अगदी मानापानाचं. "विहीणबाई, चहा घेता ना?" माई म्हणायच्या, "घेते की, विहीणबाई, पण साखर मी टाकते, तुमच्या हाताला अंदाज नाही." अशा गोडीगुलाबीत दिवस जात होते. जावयाने तर स्वतःपुरता एक नियमच केला होता, या घरात कशावरही मत द्यायचं नाही. आमटीत मीठ कमी आहे का, एवढं विचारलं तरी तो आधी दोन्ही आयांच्या तोंडाकडे बघायचा.

अशात एके सकाळी काकूंचा पाय साबणाच्या पाण्यावरून सटकला. पडताना त्यांनी उजवा हात जमिनीला टेकला आणि मनगट मोडलं. हात प्लॅस्टरमध्ये गेला. तो हात गळ्यात अडकवून काकू दुकानात खुर्ची टाकून बसल्या आणि तोंडाने दुकान चालवू लागल्या.

तोंडाने बरंच चालतं, पण टायर चालत नाहीत. दुकानात कामाला एक गडी होता. अंगाने काडीपैलवान, म्हणून सगळे त्याला पैलवानच म्हणायचे. गाडी धुण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण टायर काळे करायचा स्पंज त्याच्या हातात दिला, की टायरबरोबर चाकाची रिम काळी, दरवाजा काळा, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं स्वतःचं नाकही काळं. म्हणून टायर काकू स्वतःच करायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मास्तरांचं काम आलं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. दुकान सुरू झाल्यापासूनचं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे सहा गाड्या, सगळ्या पांढऱ्याशुभ्र. ते शाळेचा नवा बोर्ड करत होते, त्यावर सहाही गाड्यांचा फोटो यायचा होता. "काकू, गाड्या कशा पाहिजेत? आत्ता शोरूममधून निघाल्यासारख्या," असं म्हणून ते चाव्या टेबलावर ठेवून गेले.

काकूंनी आपल्या प्लॅस्टरकडे बघितलं, मग पैलवानाच्या नाकाकडे.

"टायर मी करते," माई म्हणाल्या.

"विहीणबाई, हे पावाचं काम नाही."

"नाहीच. पाव मऊ असतो, बोट लागलं तरी खड्डा पडतो. हा तर नुसता दगड. सोपंच की!"

काकूंना दुसरा इलाज नव्हता. त्यांनी खुर्ची पहिल्या गाडीजवळ ओढून घेतली आणि शिकवायला बसल्या. मास्तरांच्या शाळेतली शिकवणीसुद्धा इतकी कडक नसेल.

"आधी घासायचं. नुसतं पाणी मारून टायर स्वच्छ होत नाही. जुना थर, रस्त्याची घाण, सगळं रबरात बसलेलं असतं. हे औषध मारा आणि ताठ केसांच्या ब्रशने घासा. फेस कसला निघतोय?"

"तपकिरी. चहा सांडल्यासारखा."

"पांढरा निघेपर्यंत घासायचं."

माईंनी घासलं. पुन्हा औषध, पुन्हा ब्रश. तिसऱ्या वेळी फेस पांढरा निघाला तेव्हा माईंनाच बरं वाटलं. परात घासून लख्ख निघावी तसं ते रबर दिसत होतं, करडं, कोरडं, निर्मळ.

"आता वाळू द्या. खाचेत पाणी राहिलं तर वरचं काही धरत नाही." काकूंनी डाव्या हाताने कपाटातून एक बाटली काढली. "आणि हे लावायचं."

माईंनी झाकण उघडून थोडं हातावर घेतलं. पांढरं, दाटसर, सायीचं दूध असावं तसं. त्यांचा चेहरा खुलला. "अहो, हे तर दूधच आहे!"

"दिसायला दूध, लावायला टायरचं मलम. रबरावर वाळलं की काळंभोर दिसतं. हा स्पंज बघा, टायरच्या गोलाईसारखा वाकलेला आहे. दूध टायरवर ओतायचं नाही, स्पंजवर घ्यायचं. एका जागेवरून सुरुवात करायची आणि फिरत परत तिथंच यायचं. हात पातळ. रस्त्याला टेकतो तो नक्षीचा भाग अजिबात नाही, फक्त बाजू. आणि थोडा वेळ थांबून कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं."

माई थबकल्या. "लावायचं आणि पुसायचं?"

"हो."

"मग लावायचं कशाला?"

काकू काही सांगणार, तेवढ्यात जावई आला. डॉक्टरांनी एक्स-रेसाठी बोलावलं होतं. काकूंनी जाता जाता तीन वेळा मागे वळून सांगितलं, "पातळ हात. आणि पुसायचं. विहीणबाई, पुसायचं!"

"निवांत जा हो तुम्ही," माई म्हणाल्या. "माझ्या हातचा मळ आहे हा."

काकू गेल्या आणि माईंच्या अंगात वारं शिरलं. पहिला टायर त्यांनी सांगितल्यासारखा केला. पातळ हात दिला, स्पंज फिरवला. रबर काळं झालं खरं, पण माईंना ते पुरेना. त्यांना वाटलं, बिचारं रबर इतकं घासून घासून तहानलेलं आहे, त्याला पोटभर पाजायला हवं. त्या वर जाऊन ट्रंकेतून आपला बेकरीचा ब्रश घेऊन आल्या. बाटलीतलं दूध वाटीत ओतलं आणि बसल्या. टायरच्या बाजूवर कंपनीची अक्षरं उठलेली असतात, त्यांच्या कडेकपारीत त्यांनी अशा नजाकतीने ब्रशची टोकं घातली की पैलवान पाइप हातात धरून बघतच राहिला. एक हात झाला, वर दुसरा दिला. टायर लखलखायला लागले. त्यात आपलं तोंड दिसेल की काय असं वाटावं, इतके.

"माई, पुसायचं म्हणाल्या होत्या काकू," पैलवानाने भीत भीत आठवण केली.

"एवढं चढवलेलं तेज पुसू? बेकरीत मी असं पुसत बसले असते, तर मालकाने मला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

सहाव्या गाडीचा शेवटचा टायर होतो न होतो तोच मास्तर आपल्या माणसांना घेऊन गाड्या न्यायला हजर. ते तर खूशच झाले. एकेका चाकापाशी उकिडवे बसून बघू लागले. "काकूंपेक्षा सरस!" असं ते चक्क मोठ्याने म्हणाले. सहाही गाड्या ओळीने बाहेर पडल्या. माई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, लेकीची पाठवणी करावी तशा थाटात.

काकू परत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पुसलं ना?"

"फार छान झाले टायर. मास्तरांना विचारा," माई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं, आणि उत्तरही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडत होतं तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी गाडी दारात आणून आडवी उभी केली आणि नुसतं बोट दाखवलं.

गाडीला गोवर आला होता. दोन्ही बाजूंना, प्रत्येक चाकाच्या मागे, पांढऱ्या दरवाजांवर काळ्या-तपकिरी ठिपक्यांची रांगोळी उडालेली. चाकं वेगात फिरली तसं टायरवर न मुरलेलं सगळं दूध उडून अंगावर आलं होतं. आणि टायर? कालचा लखलखाट कुठल्या कुठे गेला होता. ओल्या थरावर रस्त्याची धूळ बसून ते पिठात लोळवल्यासारखे दिसत होते.

"सहाच्या सहा अशाच आहेत," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "उद्या दुपारी फोटोवाली येतेय, काकू. आता मी काय करू?"

काकूंनी दरवाजावर बोट फिरवलं, बोटाला लागलेला डाग बघितला. माईंकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "आमच्याकडून चूक झाली, मास्तर. आम्ही नीट करून देऊ."

हे 'आमच्याकडून' माईंच्या मनाला फार लागलं. विहीणबाईंनी चार शब्द सुनावले असते तर माईंनी पाच परतवले असते, हिशेब तिथेच मिटला असता. पण बाईने गिऱ्हाइकासमोर आपल्याला पाठीशी घातलं. याचं काय करायचं, ते माईंना कळेना. आणि जे कळत नाही ते तसंच गिळून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या पुढे झाल्या.

"त्यांच्याकडून नाही, मास्तर. माझ्याकडून. त्या दवाखान्यात होत्या. त्यांनी पुसायला सांगितलं होतं, मी पुसलं नाही. उद्या सकाळी मी तुमच्या आवारात येते. सगळे डाग काढते, टायर पहिल्यापासून करते. फोटोपर्यंत गाड्या रस्त्यावर काढू नका, म्हणजे झालं."

"आणि पुन्हा असंच झालं तर?"

"होणार नाही."

ज्या आवाजात त्यांनी ते सांगितलं, तो ऐकून मास्तरांनी मान हलवली आणि गाडी वळवली. ते गेले.

मग दुकानात दोघीच उरल्या. पैलवान शहाणा होता, तो मागच्या बाजूला जाऊन नसलेली फडकी धुवत बसला.

"एक सांगा, विहीणबाई," माई म्हणाल्या. "रागवायचं असेल तर मागाहून रागवा. ते दूध टायरमध्ये मुरत का नाही?"

काकूंच्या ओठांवर आलेले शब्द मागे गेले. भांडायच्या तयारीत बसलेल्या माणसाला कुणी कामाचा प्रश्न विचारला, की त्याची अशीच पंचाईत होते. "मुरतं की. पण रबराला जेवढं हवं तेवढंच ते घेतं. उरलेलं वर तसंच बसून राहतं. तुम्ही पावाला लावता ते कुठे जातं?"

"जातं कुठे? ट्रे भट्टीत जातो. भट्टी त्याला भाजून जागच्या जागी बसवते..." माई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी दुकानभर नजर फिरवली, जणू भट्टी कुठे दिसते का ते बघत होत्या. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. "अगं बाई! इथे भट्टीच नाही."

"भट्टी नाही म्हणून तर फडकं," काकू म्हणाल्या.

आणि दोघी हसायला लागल्या. काकू हसता हसता प्लॅस्टरचा हात सावरत "दुखतंय हो, दुखतंय" म्हणत होत्या, आणि तरी हसत होत्या. पैलवानाने मागून मान काढून बघितली आणि लगेच आत घेतली.

दुपारी माईंनी काकूंची स्वतःची जुनी गाडी पुढ्यात घेतली. एका टायरवर त्यांनी पातळ हात दिला, दुसऱ्यावर जाड. थांबून दोन्ही पुसले. पातळ हाताचा टायर फडक्याला जेमतेम डाग देत होता. जाड हाताचा पुसता पुसत नव्हता, फडकं भरून जात होतं. माईंनी पुसून झालेल्या टायरवर बोट ओढलं आणि बोट बघितलं. कोरडं. "हं," त्या म्हणाल्या. पुढचे दोन्ही टायर त्यांनी बिनचूक केले. बेकरीचा ब्रशही वापरला, पण फक्त उठलेल्या अक्षरांसाठी आणि अगदी कोरडा, नुसता दुधाचा वास दाखवल्यासारखा. काकू खुर्चीतून बघत होत्या. अक्षरांसाठी ब्रश वापरायचं त्यांच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं, स्पंजाचं टोक कोंबून त्या वैतागायच्या. पण एवढ्या लवकर मान्य करण्यात गंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मास्तरांच्या आवारात पोचल्या, मागे बादल्या घेऊन पैलवान. आवार म्हणजे तिन्ही बाजूंनी भिंत, मधे फरशी, कोपऱ्यात शिकाऊंना वळणं घ्यायला मांडलेले रिकामे डबे. सहा गाड्या सावलीत उभ्या होत्या.

पैलवानाने डाग काढायला घेतले, माईंनी टायर. घासणं, पांढरा फेस, वाळवणं, मग स्पंज. टायर जिथे जमिनीला टेकलेला असतो तिथे कडेला हात नीट पोचत नाही, म्हणून अर्धं झालं की गाडी थोडी पुढे घ्यावी लागते. मास्तरांनी त्या कामाला एका शिकाऊ बाईंना बसवलं. वयाने माईंच्याच बरोबरीच्या, नातवंडांना शाळेत सोडायचं म्हणून गाडी शिकत होत्या.

"अर्धं चाक पुढे," माई खालून सांगायच्या.

बाई गाडी सुरू करायच्या, गाडी आचका द्यायची, आणि अर्ध्या चाकाऐवजी दोन चाकं पुढे जाऊन कच्चकन थांबायची. प्रत्येक वेळी मास्तर डोळे मिटून घ्यायचे. एकदा तर गाडी भिंतीपासून हातभरावर येऊन थांबली. बाईंनी काच खाली करून विचारलं, "पुरे का?"

"भरपूर झालं," माई म्हणाल्या. "तुमचा ब्रेक चांगला लागतो हो."

उन्हं वर आली तेव्हा सहाही गाड्या झाल्या होत्या. माईंनी प्रत्येक टायर दोनदा पुसला. रिमवर जिथे स्पंज चुकून लागला होता तिथे ओलं फडकं फिरवलं. मास्तर चक्कर मारून आले. त्यांचं तोंड काही खुललं नाही.

"परवा जास्त चमकत होते."

"परवा ओले होते," माई म्हणाल्या. "नवा टायर कधी बघितलाय का? तो चमकतो? तो नुसता काळा असतो. तुम्ही शोरूममधून निघाल्यासारखे मागितले होते, तसे दिलेत."

मास्तरांनी पुन्हा बघितलं. पांढऱ्या गाडीखाली ते काळे, मऊसर टायर शोभून दिसत होते, हे त्यांना नाकारता येईना. तेवढ्यात फोटोवाली मुलगी आली. गळ्यात कॅमेरा, हातात तिपाई. तिने गाड्या ओळीने तिरक्या लावून घेतल्या. चाकं वळवलेली असली की फोटोत गाडी रुबाबदार दिसते, असं मास्तरांनी कुठेतरी पाहिलं होतं. त्यांनी स्वतः प्रत्येक गाडीचं स्टेअरिंग कॅमेऱ्याच्या बाजूला फिरवलं. आणि मग थबकले.

पुढची चाकं वळल्यावर टायरचा रस्त्याला टेकणारा भाग समोर आला होता. नक्षीचा, करडा, खडे रुतलेला.

"हे कसं दिसतंय!" मास्तर म्हणाले. "माई, समोरूनही एक हात मारा बरं. पटकन."

"तिथे नाही लावायचं."

"अहो, फोटोपुरतं. मागाहून धुऊन टाकू."

"ते नीट निघत नाही. टायरचा तेवढाच भाग रस्ता धरून ठेवतो. त्याला हे लागलं की ब्रेक दाबला तरी गाडी घसरणार." माईंनी भिंतीकडे मान वळवली. शिकाऊ बाई तिथे सावलीत बसून पाणी पीत होत्या. "सकाळी ती गाडी भिंतीपाशी थांबली ना? उद्या थांबायची नाही. आणि आत त्या बाई असतील, तुम्ही असाल."

मास्तरांचा दुसऱ्यांदा हिरमोड होत होता आणि ते आता चिडले. "काकू, तुमचं दुकान आहे ना? तुम्ही सांगा. नाहीतर मी पलीकडच्या दुकानातून माणूस बोलावतो. तो पाच मिनिटांत करून देईल."

काकूंनी मास्तरांकडे बघितलं. नवरा गेल्यावर पहिली गाडी याच माणसाने दुकानात आणली होती, नुसत्या विश्वासावर. त्यांची जीभ रेंगाळली. माईंना ते दिसलं. विहीणबाईंना कुणापुढे अडखळताना त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं, आणि ते पाहायची त्यांची इच्छाही नव्हती.

"थांबा जरा," माई म्हणाल्या. "मुली, तू उभी कुठे राहणार आहेस?"

फोटोवालीने तिपाईची जागा दाखवली. माई तिथे जाऊन उभ्या राहिल्या, गुडघ्यात वाकून कॅमेऱ्याच्या उंचीवर डोळे आणले. मग तरातरा पहिल्या गाडीत जाऊन बसल्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण स्टेअरिंग कशाला म्हणतात ते ठाऊक होतं. दोन्ही हातांनी, दात ओठ खाऊन, त्यांनी ते फिरवायचा प्रयत्न केला. जरासंच हललं.

"मास्तर, हे उलट्या बाजूला फिरवून द्या. पूर्ण."

"उलट्या बाजूला कशाला?"

"द्या तर खरं."

मास्तरांनी नाराजीनेच गाडी सुरू करून स्टेअरिंग फिरवलं. पुढचं चाक कॅमेऱ्यापासून दूर वळलं. नक्षीचा भाग पाठीमागे गेला आणि टायरची काळीभोर बाजू, मधली चकचकीत रिम, उठलेल्या अक्षरांसकट समोर आली, कुणी आपणहून तोंड वळवून बघावं तशी.

फोटोवालीने कॅमेऱ्यातून बघितलं आणि खुशीत मान डोलावली. "हेच पाहिजे होतं मला. चाकाचं तोंड दिसलं पाहिजे, नक्षी नाही. मी सांगणारच होते, पण सर इतक्या जोरात सूचना देत होते..."

शिकाऊ बाई तोंडावर पदर धरून हसल्या. मास्तरांचे कान लाल झाले. पण माणूस दिलाचा चांगला होता. ते उरलेल्या पाचही गाड्यांत एकेक करून बसले आणि स्टेअरिंग उलटं फिरवून आले. शेवटच्या गाडीतून उतरल्यावर काकूंपाशी येऊन म्हणाले, "पलीकडच्या दुकानाचं मी उगाच बोललो."

"आम्ही ऐकलंच नाही," काकू म्हणाल्या.

फोटो सुरेख आला. बोर्ड लागल्यावर मास्तरांनी दोघींना मुद्दाम नेऊन दाखवला. सहा पांढऱ्या गाड्या, आणि पुढची सगळी चाकं एका बाजूला वळलेली. त्यानंतर मास्तरांच्या शाळेत शिकलेली माणसं स्वतःच्या गाड्या घेऊन दुकानात यायला लागली. 'टायरवाल्या माई कुठे आहेत' असं विचारत.

एकदा एक तरुण मोटारसायकल घेऊन आला. झकपक जाकीट, डोळ्यांवर काळा चष्मा. "दोन्ही टायर चकाचक करून द्या," म्हणाला. माईंनी गाडी धुऊन देण्याचं कबूल केलं, टायरला स्पष्ट नाही म्हणाल्या. मोटारसायकल वळताना तिचा टायर कडेवर झोपतो, तिथे निसरडं लागलं तर माणूसही झोपतो, हे त्यांनी त्याला अशा शब्दांत सांगितलं की त्याने चष्मा काढून ऐकलं. काकू आत टेबलाशी बसल्या होत्या. दोन चाकांच्या गाडीचं त्यांनी माईंना काही शिकवलं नव्हतं. ते माईंनी स्वतःच उकिडवं बसून, चाक बघून, ताडलं होतं. त्या दिवशी माईंच्या चहात साखर काकूंनी टाकली आणि माई तो बिनतक्रार प्यायल्या.

पुढे काकूंचं प्लॅस्टर निघालं. मनगट सरळ बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सगळी कामं करा. त्या संध्याकाळी माईंनी धुतलेले स्पंज, फडकी आणि दुधाची बाटली नीट लावून काकूंसमोर ठेवली. "घ्या, विहीणबाई. तुमचं काम तुमच्याकडे."

काकूंनी स्पंज हातात घेतला. समोर एक गाडी उभी होती. पहिल्या टायरवर त्यांनी हात फिरवला, एका जागेवरून निघून परत तिथेच आल्या. अगदी सफाईदार. इतक्या दिवसांनी हातात आलेला स्पंज त्यांना गोड वाटला असणार, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्या कमरेवर हात ठेवून उठल्या आणि स्पंज माईंच्या हातात दिला.

"हात अजून अवघडतोय माझा."

"डॉक्टर तर म्हणाले..."

"डॉक्टरांना काय कळतंय? हात माझा आहे." काकूंनी गाडीचं दार उघडलं. "मी आतलं बघते. सीटा, काचा. तिथे कुणी लक्षच देत नाही. टायर तुम्ही करा, उद्याही तुम्हीच करा. आणि अक्षरांना तो तुमचा ब्रश वापरा, माझ्याच्याने ते कधी नीट झालं नाही."

माईंनी स्पंज घेतला. त्या दुसऱ्या टायरपाशी बसल्या, बोट ओढून बघितलं आणि मागे वळून ओरडल्या, "पैलवान, हा टायर ओला आहे! वाळव आधी."